पूल बंद होता त्या दिवशी

"सकाळपासून घरात काहीतरी घोंघावतंय," मर्टल सवयीने ओरडूनच म्हणाली. तिच्या नवऱ्याने, आर्विडने, फ्रिजला कान लावून पाहिला, पाण्याचा पंप बंद केला, रेडिओची वायरही काढून टाकली.

"आता?"

"अजून येतोय आवाज. तुला कसा येईल ऐकू, म्हातारा झालायस."

 आई हल्ली भलतंसलतं बोलते, असं त्यांची मुलगी मागेच त्याला म्हणाली होती. त्यालाही काहीतरी ऐकू येत होतं, पण ते खरंच की तिच्या बोलण्यामुळे, हेच कळेना.

ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचा तो जुना हायवेचा पूल त्यांच्या छपरावरूनच जायचा. ती दोघं इथे राहायला आली तेव्हापासून लाकडाचे ट्रक डोक्यावर धडधडत होते. लांबलांबचे लोक परसात उभे राहून धुक्यातल्या त्या कमानींचे फोटो काढत, तिला काहीबाही सांगत, आणि मर्टल दर वेळी विचारे, "काय म्हणालात?" आज दुरुस्तीसाठी पूल पहिल्यांदाच बंद होता. गावात ना दूध आलं होतं, ना टपाल.

शेवटी आर्विड आवाजाचा माग काढत कमानीखालून गेला, वाळूचं टेकाड चढून पलीकडे उतरला. परतला तेव्हा त्याचे बूट ओले होते.

"मर्टल, समुद्राचा आवाज आहे तो."

ती दारात येऊन बराच वेळ ऐकत राहिली.

"इतका जवळ आहे?" तिने हळूच विचारलं, आणि तेही त्याला ऐकू आलं.