तिसरा दोर

पडद्यावरची तिसरी रेघ चालता चालता थांबली.

एकेक रेघ एकेका दोरावरचा ताण दाखवायची; रेघा तीन, कारण दोर तीन. किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यावर तरंगणारी पवनचक्की त्या तीन दोरांनी समुद्राच्या तळाशी बांधलेली होती. आधी तिथं लोखंडी साखळ्या असायच्या. त्या इतक्या महाग, की समुद्रावरची वीज कुणाच्या आवाक्यात येईना. ताईनं साखळ्या काढून नायलॉनचे दोर आणले आणि बांधणीचा खर्च निम्म्यावर आला. बैठकीत कुणी शंका काढली की ती म्हणायची, "या दोराला मी स्वतः लटकेन."

ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत. तिचा धाकटा भाऊ तिथंच दुरुस्तीच्या कामाला होता. त्याचं ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं.

उद्या येणार म्हणून सांगितलेलं वादळ आज दुपारीच आलं. चक्कीवर कामाला गेलेली दोन माणसं वरच अडकली. लाटा एवढ्या, की बोट जवळ जाईना. एक होते जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे काका म्हणत. दुसरा धाकटा.

"मापक बंद पडला असेल," तिच्या खुर्चीमागं उभे असलेले साहेब म्हणाले. "दोर असा जात नाही."

"असेल."

खरं तर आधी प्रत्येक दोरावर जोडीचा दुसरा मापक असायचा. एक गप्प झाला तर दुसऱ्यानं बोलावं म्हणून. मागच्या काटछाटीत तो तिनंच काढायला लावला होता. आता उरलेल्या दोन रेघा वर वर चढत होत्या. तिसरा दोर तुटला म्हणून, की वारा वाढला म्हणून, कळायला मार्ग नव्हता. चक्की जागची सरकत होती, पण एवढ्या वाऱ्यात ती सरकणारच.

वायरलेस खरखरला. "ताई, चक्की एका अंगाला कललीय का गं? का मलाच तसं वाटतंय?"

"काकांना काय वाटतंय?"

"काका डोळे मिटून बसलेत. म्हणतात, मला बोलायला लावू नकोस, ओकारी होईल." तो हसला, पण हसू फार टिकलं नाही. "आईला सांगू नकोस हं. ती पोहत निघेल."

"नाही सांगत. पट्टे बांधून बसा दोघं."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसले. आवाज अगदी खाली आणला.

"हेलिकॉप्टरवाले विचारतायत. निघायचं तर आत्ता. पुढं वारा उडू देणार नाही." काचेपलीकडच्या खोलीत पुढच्या चक्क्यांना कर्ज देणाऱ्या बँकेची माणसं बसली होती. साहेबांनी तिकडं पाहिलं. "आज दोर टिकला, तर पुढच्या सगळ्या चक्क्या याच दोरावर. पण आपण माणसं उतरवली, तर ते काय समजतील? जिनं दोर बांधला, तिचाच त्याच्यावर भरवसा नाही."

"म्हणजे बोलवू नको?"

"मी कुठं तसं म्हणतोय? दोर तुझा आहे. तू सांगशील ते."

तिनं कागद ओढला आणि गणित पुन्हा मांडलं. बरोबर आलं. आणखी एकदा मांडलं. पुन्हा बरोबर. दोर टिकायलाच हवा होता. पण पेन घामानं हातातून निसटत होतं. लटकेन म्हणाली होती ती, आणि लटकत होता धाकटा.

वायरलेसवर आता नुसता वारा ऐकू येत होता.

"बोलवा," ती म्हणाली.

"काय?"

"बोलवा म्हटलं ना!" ती एवढ्यानं ओरडली, की काचेपलीकडच्या माना वळल्या.

दोघांना घेऊन हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा ती मैदानाच्या कडेला उभी होती. वाऱ्यानं धड उभंही राहवत नव्हतं. शेडमध्ये कुणीतरी दोघांना घोंगडी दिली, कपात चहा दिला. तिनं धाकट्याच्या डोक्यावरून, खांद्यांवरून हात फिरवला, लहानपणी झाडावरून पडल्यावर फिरवायची तसा.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"तिसरी रेघ आली परत. मापकाचीच वायर सैल झाली होती, हादऱ्यांनी पुन्हा टेकली. दोराला काही झालेलं नाही." मग ते म्हणाले, "बँकवाले मात्र गेले. साखळीचा विचार करा म्हणाले."

तिनं फोन खिशात ठेवला. "दोर टिकला," ती म्हणाली. सांगताना तिलाच कळेना, आनंद होतोय की रडू येतंय.

काकांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले. "टिकला तर टिकला. पण तुम्ही आमच्या जिवाची कदर केलीत, ताई. घरी सांगेन मी. असं कोण करतं हल्ली?"

"असं नका म्हणू, काका."

धाकटा घोंगडीच्या आतून तिच्याकडं बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. खरंच काहीतरी जाणून घ्यायचं असलेल्या माणसाची नजर होती ती.

"ताई, एक विचारू? मी नसतो, काका एकटेच वर असते, तर बोलावलं असतंस?"

शेडचे पत्रे धडाधडा वाजले. तिनं त्याच्या खांद्यावरून घसरलेली घोंगडी वर ओढली.

काकांनी घाईघाईनं कप उचलून तोंडाला लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. त्यातला चहा केव्हाच संपला होता.