छपराची रेषा

घरामागच्या शेडमध्ये तो स्वतःच्या हातानं स्पोर्ट्स कार बांधत होता. गाडीचं सगळं रूप छपराच्या रेषेत, हे त्याचं ठाम मत. दर रविवारी तो छप्पर बोटभर खाली घ्यायचा, बायकोला आत बसवायचा आणि लांब उभा राहून, बाजूनं रेषा न्याहाळत विचारायचा, "डोकं लागतंय का गं?"

"नाही."

पुढची काच बसवताना त्यानं पहिल्यांदाच तिला समोरून पाहिलं. हनुवटी पार छातीला टेकलेली.

"अगं, सांगायचं नाही का?"

काळजावर दगड ठेवून त्यानं छप्पर कापलं आणि वीतभर वर घेतलं. रेषेचा पार विचका झाला. मग तिला पुन्हा आत बसवलं. डोक्यावर मोकळी जागा. हनुवटी मात्र तिथंच.

"आता कसली अडचण?"

"मान वर करू?" तिनं विचारलं.