डावा मागचा दरवाजा

डाव्या मागच्या दरवाजावर पॉलिशवाल्यांचा हात अडखळला.

गाडी घरी येऊन अजून एक दिवसही झाला नव्हता. सकाळी चहा होताच ते मऊ फडकं घेऊन अंगणात उतरले होते आणि बॉनेटपासून सावकाश पुसत मागे आले होते. आता त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि त्या जागेवरून पुन्हा तळहात फिरवला. मग नुसती बोटं. मग एकच बोट.

"काय झालं?" बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"जरा बाहेर ये."

पस्तीस वर्षं त्यांनी कपाटं, पलंग, टेबलं पॉलिश केली होती. दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना पॉलिशवालेच म्हणायची. कुणाकडे गेले तरी बसायच्या आधी त्यांचा हात आपसूक खुर्चीच्या दांडीवरून फिरायचा.

बायको हात पुसत बाहेर आली.

"इथे रंगाची गडबड आहे," ते म्हणाले.

ती कोरडे झालेले हात पदराला पुसतच राहिली.

"काल फाटकातून आत घेताना खरखर झाली होती," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला सांगायचा धीर नाही झाला."

"ती कुंपणाची फांदी होती. मीही ऐकली."

"फांदी कसली, मीच घासली असणार. विकून टाका ती गाडी. या वयात नसते उद्योग, असं सगळे म्हणत होते. खोटं नव्हते बोलत."

अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली होती. शिकवणाऱ्या मास्तरांनी दोनदा हात टेकले, ती तिसऱ्यांदा जाऊन उभी राहिली. लायसन्स मिळालं त्या दिवशी नात्यात कुणाला फोन करायचा ठेवला नाही. आणि काल शोरूमपासून घरापर्यंत स्वतःची गाडी आणताना सगळा रस्ता गुणगुणत होती.

"फाटकाला घासली असती तर ओरखडा वर असता," पॉलिशवाले म्हणाले. "हे आतलं दुखणं आहे. किल्ली घे, शोरूमला जाऊ."

"मी चालवू?"

"मग काय, मी चालवू?"

तिला हसू आलं. ते ऐकून त्यांना जरा बरं वाटलं.

शोरूमचा मॅनेजर साखरेच्या आवाजाचा होता. त्याने वर्कशॉपमधून पेंटरला बोलावलं. दोघं बराच वेळ दरवाजापाशी खाली-वर झाले.

"काका, दिवा धरून पाहिलं आम्ही," मॅनेजर म्हणाला. "आरशासारखा आहे दरवाजा." मग आवाज बायकोकडे वळला. "काकू, तुम्ही नवीनच शिकलात ना? कुठे टेकली असेल तर मोकळेपणाने सांगा. होतं असं."

बायको पर्सची चेन उघडायला-लावायला लागली. परीक्षेच्या दिवशीही तिने हेच केलं होतं.

"तुम्ही पाहिलंत," पॉलिशवाले पेंटरला म्हणाले. "आता हात लावा."

त्यांनी पेंटरचं मनगट धरून त्याचा तळहात आधी पुढच्या दरवाजावर ठेवला, मग मागच्या.

"पुढे हात काचेवरून गेल्यासारखा जातो. इथे वीतभर जागेत जड होतो. कडेला घासकागदाच्या रेघा आहेत, त्यांवर चकाकी मारलीय. आणि हा बघा धुळीचा कण, खसखशीएवढा, वरच्या थराच्या खाली. आमच्या फाटकाला एका रात्रीत खळग्यात लांबी भरून, घासून, रंग मारून वर चकाकी देता येत असेल, तर त्या फाटकाला तुम्ही नोकरीवर ठेवा."

पर्सची चेन थांबली.

पेंटरने आता स्वतःहून त्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "साहेब, मीटर आणतो."

रंगाची जाडी मोजायचं ते छोटं यंत्र. पेंटरने आकडे मोठ्याने वाचले. पुढच्या दरवाजावर एकशे दहा. मागच्यावर दोनशे नव्वद.

"ट्रकमधून उतरवताना फळीला घासली होती," तो म्हणाला. "दुरुस्ती मीच केली. वीस वर्षांत माझं काम कुणी पकडलं नव्हतं, काका."

"काम सुरेखच आहे. फक्त वारा असेल तेव्हा दार लावून घेत जा."

मॅनेजरच्या आवाजातली साखर विरघळून गेली होती. आता तो साध्या माणसासारखा बोलत होता, आणि तेच त्याला शोभत होतं. "चूक आमची आहे. काकू, तुम्हाला उगाच बोललो, माफ करा. गाडीला पक्का नंबर अजून पडलेला नाही, तेव्हा दुसरी गाडीच देतो. या रंगातली शिल्लक नाही, पण यार्डात बाकी सगळ्या उभ्या आहेत. तुम्ही पसंत करा."

बायको त्याच्याबरोबर यार्डात गेली ती अर्ध्या तासाने परतली. तोवर पेंटर आणि पॉलिशवाले चहा घेत जुन्या लाखेच्या पॉलिशच्या गप्पांत रंगले होते. तिच्या पावलांवरूनच पॉलिशवाल्यांना कळलं की स्वारी खूश आहे.

"गाडी मागे घ्यायला माणूस देऊ का, काकू?" मॅनेजरने विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली, आणि एका दमात गाडी रस्त्यावर काढली.

पहिल्या वळणाच्या आतच तिचं गुणगुणणं सुरू झालं. पॉलिशवाल्यांनी आपली पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवली, काच खाली केली, हात बाहेर काढून दरवाजावरून एकदा फिरवला आणि समाधानाने मान हलवली.

"बरं, आता सांग," ते म्हणाले. "रंग कोणता घेतलास?"