बाकदार की सपाट

विमान धावपट्टीच्या रेषेत आलं. कॅप्टननी उजव्या हाताने वेग कमी केला, डाव्या हाताने नाक जरासं उचललं, आणि चाकं टेकायच्या बेतात असताना शेजारून आवाज आला, “अहो, सपाट घ्या.”

चाकं धाडकन आदळली. पडद्यावरचं विमान दोनदा उसळलं आणि गवतात जाऊन थांबलं.

“अगं, उतरताना वैमानिकाशी बोलू नये,” कॅप्टन म्हणाले.

“वैमानिकाने मग दुकानात उतरू नये,” कॅप्टनीणबाई म्हणाल्या. हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी ठेवलं होतं आणि आता ते त्यांना चिकटलं होतं.

कॅप्टन निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. पहिले काही महिने त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून पाहिले. मग बाईंनीच त्यांना मागची रिकामी खोली देऊन टाकली. तिथे त्यांनी टेबल मांडलं, विमानासारखं हँडल बसवलं, पायाखाली पेडल घातली. आता राहिला होता पडदा. जुन्या पडद्यात आकाश न्हाणीघराच्या खिडकीतून दिसावं एवढंच दिसायचं.

दुकानदाराने तसल्याच एका हँडलसमोर दोन पडदे शेजारी शेजारी मांडले होते. एक सपाट, एक बाकदार. तो स्वतःही घरी विमानं उडवायचा, त्यामुळे गिऱ्हाईक कोण आहे हे कळल्यापासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“साहेब, बाकदारची मजाच वेगळी. दोन्ही कडा तुमच्याकडे वळलेल्या. मान न हलवता क्षितिज पार कानापर्यंत येतं.”

कॅप्टनना ते पटलं होतं. उतरण्याआधी डावीकडे वळताना धावपट्टी नजरेच्या कोपऱ्यात हवी, आणि बाकदार पडद्यात ती बरोबर तिथे येत होती. सपाट पडद्याकडे पाहताना वर्गातल्या फळ्याकडे पाहिल्यासारखं वाटत होतं.

“सपाट घ्या,” बाई पुन्हा म्हणाल्या. त्या उजवीकडच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“पुसायला सोपा म्हणून म्हणत असेल,” कॅप्टन दुकानदाराला म्हणाले. “हिचा आणि विमानाचा संबंध तेवढाच. आयुष्यात एकदाही बसलेली नाही. भीती वाटते.”

“वहिनी, खरंच?”

“खरंच. एकदाही नाही,” बाई म्हणाल्या.

हा किस्सा कॅप्टन फार रंगवून सांगत. कंपनी घरच्यांना तिकिटं द्यायची आणि ती तशीच वाया जायची. बहिणीच्या लग्नाला बाई दोन पोरं आणि तीन बॅगा घेऊन दोन दिवस रेल्वेने गेल्या होत्या. त्यातल्याच एका दुपारी कॅप्टन त्याच रुळांच्या वरून विमान घेऊन चालले होते आणि वरून गाडी दिसते का ते शोधत होते. इथे ऐकणारे नेहमी हसत. दुकानदारही हसला. बाईही हसल्या.

“बाकदारच बांधा,” कॅप्टन म्हणाले.

“त्यात इथून काही नीट दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “जमीन झोळीसारखी लोंबते.”

कॅप्टननी वाकून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. खरंच, क्षितिज मध्येच खचलं होतं आणि धावपट्टी केळ्यासारखी वाकली होती. त्यांनी सपाट पडद्याकडे नजर वळवली. तिथे सगळं जागच्या जागी होतं.

“ते खरंय,” दुकानदाराने कबूल केलं. “बाकदार म्हणजे एकट्याचं काम. मधोमध बसेल त्यालाच.”

“पण मी एकटाच तर बसणार,” कॅप्टन म्हणाले. “तू कशाला बसशील तिथे? तुला भीती वाटते ना?”

“मला कधी भीती वाटली?”

कॅप्टन वाकलेले सरळ झाले. बाईंनी पिशवी खाली ठेवली. आवाज नेहमीसारखाच होता, उद्याच्या भाजीचं बोलावं तसा.

“मुलगी पोटात होती तेव्हाच ठरवलं होतं मी. तुमचा रोजचा दिवस वर जायचा. दोघंही एकाच विमानात बसलो आणि काही झालं, तर पोरांनी कोणाकडे बघायचं? एकाने खाली राहायला हवं होतं. तुम्ही खाली राहणाऱ्यातले नव्हतात, म्हणून मी राहिले.”

“मग तसं सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर रोज घरातून निघताना तुमच्या डोक्यात तेच आलं असतं. त्यापेक्षा मी घाबरट बरी.”

दुकानदार उगाच एक वायर गुंडाळू लागला. कॅप्टन खुर्चीत बसले. किती दिवाणखान्यांत आपण तो किस्सा सांगितला, ते त्यांना एकदम आठवायला लागलं. प्रत्येक ठिकाणी बाई समोर बसून हसल्या होत्या.

“पण पोरांची लग्नं होऊनही किती वर्षं झाली,” ते हळूच म्हणाले.

“हो ना. मग मी वाट बघत होते,” बाई म्हणाल्या. “तोवर तुम्ही विचारायचं सोडून दिलं होतंत.”

त्यात तक्रार नव्हती. त्यांनी हात पुढे करून हँडलच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते किती हलकं आहे म्हणून त्यांना नवल वाटलं.

कॅप्टननी आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“येतेस का?” त्यांनी विचारलं.

“येते.”

“साहेब, मग सपाट पाठवू ना?” दुकानदार म्हणाला. “संध्याकाळपर्यंत घरी येईल.”

“सपाटच,” कॅप्टन म्हणाले. “पण इतक्यात नको. आधी हिला खरं आकाश दाखवून आणतो. या वेळी मीही मागे बसणार आहे, हिच्या शेजारी.”