आबांचा डबा

केशरबाईनं पाण्याच्या बाटल्या वरखाली करायचा व्यायाम संपवला आणि ताकदीच्या पावडरीचा डबा उघडला. तसा पोरगा ओरडला, "माय, तो आबांचा हाय!" "डॉक्टरांनी दोघांनाबी सांगितलंय. तू एकच आणलास." "तुला कशाला गं ताकद? उसाच्या मोळ्या उचलायच्यात का?" मोळ्या डोक्यावर घेऊन ती उभ्या फळीवरून ट्रकात चढायची, तेव्हा कुणी असं विचारलं नव्हतं. अर्धांगानं बाजेवर पडलेल्या नवऱ्याला ती रोज न्हाणीत उचलून नेत होती. काल हात लटपटले, दोघंही खाली आले. "तुझा बाप उचलायचाय, लेकरा," ती म्हणाली. "मी पडले, तर तू उचलशील?" बाजेवरून आबा हसले, "पिऊ दे की बे तिला!" तिनं दुधात पावडर ढवळली, उभ्यानंच ग्लास रिकामा केला, पदरानं ओठ पुसले. "हा डबा माझा. आबांचा उद्या आण."