रविवारची शिकवणी

“कर म्हणजे खंडणी हो! पावती मिळते, एवढाच काय तो फरक.” सुदर्शनराव खराडीच्या आपल्या फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालत होते. स्वतःची छोटी सॉफ्टवेअर कंपनी, त्यात नुकतंच आलेलं बजेट. तोंडाला खळ म्हणून नव्हती.

समोर रोहन बसला होता. विक्रीकर खात्यातला अधिकारी आणि त्यांचा होणारा जावई. वर्षभर दर रविवारी बिचारा हेच ऐकत आला होता. आज मात्र त्याचा पाय सारखा हलत होता आणि बशीतले पोहे गार झाले होते. स्वयंपाकघराच्या दारात अपेक्षा ओढणीचं टोक पिळत उभी होती. बाबा आज लग्नच मोडतात की काय, अशी तिला धास्ती होती.

“सरकारने चोर पकडावेत. बाकी आमच्या वाटेला जाऊ नये,” सुदर्शनराव म्हणाले. “टेलिफोनसाठी आठ वर्षं ताटकळलोय मी! खासगी कंपन्या आल्या, तेव्हा कुठे सुटलो. आणि तुमचं खातं? दोन दिवसांच्या कामाला दोन महिने! रोहनराव, माणसाने स्वतःच्या हिमतीवर उभं राहावं. मी नाही राहिलो?”

“म्हणूनच काका,” रोहन एका दमात बोलून गेला, “मी शुक्रवारी राजीनामा दिला. पटलं मला तुमचं. आता स्वतःची कंपनी काढतोय.”

येरझाऱ्या थांबल्या. सुदर्शनराव मटकन सोफ्यावर बसले. कंपनी काढली तेव्हाची वर्षं त्यांना आठवली. बायकोच्या, शालनच्या, बांगड्या गेल्या होत्या. अपेक्षाला फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता पुन्हा त्याच पोरीच्या वाट्याला तेच दिवस?

“बाबा, तुम्हाला आनंद नाही झाला?” अपेक्षाने विचारलं.

ते तिच्याकडे बघेनात. रोहनच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “राजीनामा मंजूर झाला?”

“अजून नाही. साहेबांच्या टेबलावर पडलाय.”

सुदर्शनरावांच्या जिवात जीव आला.

“मग राहू दे की पडून! लागलं तर मी वर कुणाला तरी सांगतो. अहो, सरकारी काम ते, इतकी घाई करून कसं चालेल?”