बोअरचं पाणी

कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळली आणि व्हर्ना टॉलफसनच्या बोअरला पेट्रोलचा वास सुटला. तेव्हापासून म्हातारी चाळीस मैलांवरून पाण्याचे कॅन आणायची. त्यासाठी गाडीत भरलेल्या पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनमागे, असल्याच गळक्या टाक्यांच्या सफाईसाठी, तिच्याकडून सरकारी अधिभारही घेतला जायचा.

सहा वर्षांनी एकदाचा त्याच अधिभारातून उभ्या राहिलेल्या सफाई निधीचा माणूस मोंटाना राज्यातल्या त्या आडगावी उगवला.

"बाई, हे पाणी तुम्ही पिता का?"

"वेड लागलंय का मला? माझं कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही त्याला!"

त्यानं मान डोलवत सगळं लिहून घेतलं. व्हर्नाला वाटलं, चला, कुणीतरी ऐकलं.

महिन्याभरानं पत्र आलं.



"सदर पाणी कोणीही पीत नाही, सबब सफाईची तातडी दिसून येत नाही."